लाखेवरचा अंगठा

कावेरीने तांदळाच्या पिठाची चिमूट पेटीच्या झाकणाच्या फटीत भरली, बोटाने ती सारखी केली आणि श्वास रोखून मागे सरकली. झाकण केसभर जरी उचललं गेलं तरी पीठ सांडणार होतं. मग तिने कळशी काखेत घेतली आणि पडवीत बसलेल्या माणसाकडे न बघता म्हणाली,

"पाणी घेवन येतंय. आये हय बसली आसा."

आये म्हणजे तिची सासू, आनंदीबाई. ती उंबऱ्याशी बसून सुपारी कातरत होती. कानांनी अधू झाली होती, पण डोळ्यांतून तिच्या काही सुटत नसे. कावेरीने तिला सकाळीच नीट बजावून ठेवलं होतं.

"व्हय, वयनीनू," दत्ताराम मान वर न करता म्हणाला. तो सकाळच्या एस.टी.ने कुडाळहून आला होता. लढाईच्या काळात पलटणीत वायरलेसवर होता, आणि आता कुडाळच्या बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होता. स्वतःची पत्र्याची पेटी त्याने घोंगडीत गुंडाळून आणली होती आणि आल्या आल्या तिचं झाकण काढून ती पडवीत उघडी टाकली होती. लपवण्यासारखं काही नाही असं दाखवणारी माणसं कावेरीला मुळीच आवडत नसत.

विहिरीवर तिने कळशी भरायला लावला त्याहून कमी वेळ आजवर कधी लावला नसेल. परत आली तेव्हा पीठ जागच्या जागी होतं. झाकणाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूवरची लाल लाखही तशीच होती, आणि त्या लाखेवर उमटलेला हरिश्चंद्राचा अंगठाही. वर्षभरात लाखेला एक बारीक चीर गेली होती, म्हणून तर पिठाचा हा जास्तीचा बंदोबस्त. तिने सासूकडे पाहिलं. सासूने नकारार्थी मान हलवली. कावेरीला बरं वाटायला हवं होतं, पण उलट ती जास्तच सावध झाली.

हरिश्चंद्र तिचा नवरा. पंचक्रोशीतल्या भजनी मंडळांच्या बाजाच्या पेट्या तो दुरुस्त करत असे. तरुणपणी सावंतवाडीला लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे राहून तो लाकूड आणि लाख दोन्ही शिकला होता. देवळातल्या सप्त्यात सात दिवस, आठही प्रहर, भजन चालायचं. वाड्यांच्या पाळ्या बदलत, गाणारे बदलत, पण मागचा सूर मात्र एकदा धरला की आठव्या दिवशीच सोडायचा. पूर्वी हाताने भाता ओढून तो सूर धरणारी माणसं होती. ती एकेक करून मुंबईच्या गिरण्यांत गेली, आणि उरलेल्यांचे हात दुखायला लागले. तेव्हा दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्राने ही पेटी आणली. सेलवर चालणारी, बटण दाबलं की एकच सूर देणारी. फणसाच्या लाकडाची, लाखेने पिवळी चकाकणारी. "मी केलंय," तो म्हणाला होता, आणि सगळ्या गावाने त्याला डोक्यावर घेतलं होतं.

पहिलं वर्ष निभावलं. दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या दिवशी भर दुपारी, सूर तुटला. चूळ भरायला लागतो एवढाच वेळ. हरिश्चंद्राने पेटी मांडीवर घेतली, खाली-वर केली, थोपटली, आणि सूर परत आला. पण तुटला तो तुटलाच. त्यानंतर दोन महिन्यांत हरिश्चंद्र काविळीने गेला. गावात कोणी कावेरीसमोर काही बोललं नाही. पण विहिरीवर ती गेली की बोलणं थांबायचं, आणि का थांबायचं ते तिला कळत होतं.

आता गंगाराम गावकरांनी, म्हणजे देवळाच्या मानकऱ्यांनी, शेवटची संधी दिली होती. मुंबईकरांनी आवाज मोठा करणारं एक मशीन आणि भोंगा पाठवला होता. त्यावर दोन पेट्या जोडायच्या, एकीचे सेल संपले की दुसरीने सूर धरायचा. दुसरी पेटी कुडाळच्या दत्तारामाची. यंदाही सूर तुटला तर हरिश्चंद्राची पेटी पुन्हा देवळाची पायरी चढणार नव्हती. तसं त्यांनी पडवीत बसून, सुपारी चघळत, अगदी हळू आवाजात सांगितलं होतं.

सगळं ठीक, पण दत्तारामच कशाला? दोन वर्षांपूर्वी हरिश्चंद्र पेटीचं लाकूड घेऊन याच्याचकडे पंधरा दिवस राहिला होता. "थोडां सामान घेवचा आसा," म्हणाला होता. परत आला तो तयार पेटी घेऊन, आणि त्यानंतर त्याने दत्तारामाचं नावही काढलं नाही. आता त्याच दत्तारामाकडे तशीच पेटी होती. नवऱ्याची पेटी आधीची, याची नंतरची. कोणी कोणाची नक्कल केली हे सांगायला ज्योतिषी नको होता. राहिलंसाहिलं काय ते बघून घ्यायलाच हा आला असणार.

"पेटी उघडूची नाय," तिने त्याला आल्या आल्या सांगितलं होतं. "जा काय करशात ता भायरसून."

"बरां," एवढंच तो म्हणाला होता. वाद घातला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तीन वस्तू तीन तऱ्हेच्या होत्या. हरिश्चंद्राच्या पेटीला बाजाच्या पेटीची जुनी पितळी बोंडं लावलेली, दत्तारामाच्या पेटीला पलटणीतल्या जाड पिना, आणि मशीनला गोल भोकं, ज्यात यातलं काहीच शिरत नव्हतं. दत्तारामाने वायरी सोलल्या, पिना कापल्या, प्रत्येकीची दोन टोकं दोन घरांची करून घेतली. कावेरी जात्याजवळ नाचणी निवडत बसली होती. निवडणं कमी आणि बघणं जास्त चाललं होतं.

त्याने पेटी उचलून कुशीवर केली तेव्हा ती थबकली. तळाला एक खिळा अर्धा बाहेर आलेला होता. घरातल्या प्रत्येकाचं बोट त्याने एकदा तरी कापलेलं, तिचं दोनदा. दत्तारामाने तळाखाली न बघता बोटं बरोबर त्या खिळ्याच्या अलीकडे ठेवली.

तिने सुपातला एक खडा उचलला आणि अंगणात भिरकावला.

जोडणी झाली, बटणं दाबली, आणि भोंग्यातून सुराऐवजी एक जाड घरघर आली. कोंबड्या पळाल्या. आनंदीबाईलासुद्धा ऐकू गेली.

"काय झाला?" कावेरीने विचारलं.

"तुमच्या पेटयेची अधिकाची तार मशीनच्या वजाच्या तारेक लागली. हिचा सगळा उलटा आसा." त्याने वायर काढली. "मदी काय तरी घालूक होया. एकमेकाक शिवल्याशिवाय वाढूचा लागतला, सोवळ्यातल्यासारख्या."

"भायरसून कसा कळला तुमका?"

तो जरा थांबला. "आवाजावरना," म्हणाला. मग पिशवीतून मीटर काढला आणि त्याच्या सळ्या उगाच इकडे-तिकडे लावत बसला. मीटर आधी काढला असता तर तिने एक वेळ विश्वास ठेवला असता. आता मात्र तिची खात्री पटली की हा माणूस या पेटीच्या आत शिरून आलेला आहे.

त्याने पिशवीतून अंगठ्याएवढा एक ट्रान्सफॉर्मर काढून मध्ये बसवला. घरघर गेली. दोन सूर आले, पण ते काही एक होईनात. ऊन चढेल तसे दोन्ही पेट्यांचे सूर चढत होते, आणि पत्र्याच्या पेटीचा अंमळ जास्तच. दोन सुरांच्या मधे एक थरथर उठत होती, होडी लाटेवर वर-खाली व्हावी तशी. दत्तारामाने खुंट्या पिळून पाहिल्या. घटकाभर जमायचं, पुन्हा सुटायचं.

"ह्या सात दिस असाच चलतला?" कावेरी म्हणाली.

"नाय. एकीन दुसरेचो हात धरूक होयो." त्याने एक बारीक तार घेतली, एक टोक फणसाच्या पेटीच्या बोंडाला बांधलं, दुसरं आपल्या पेटीत नेलं. मग खुंटी अगदी सावकाश फिरवली. थरथर मंदावत गेली. आणखी मंद झाली. शेवटी थांबली, आणि अंगणभर एकच सूर उभा राहिला. फणसाच्या लाकडातून येणारा गोडवा आणि पत्र्यातून येणारी धार वेगळी ओळखू येत नव्हती. कावेरीचा हात सुपात तसाच राहिला. गेल्या दहा महिन्यांत हा सूर तिने ऐकला नव्हता, आणि ऐकल्यावर रडू येईल अशी तिला भीती होती. रडू आलं नाही. नवरा मागच्या खोलीत आहे आणि आता हाक मारेल असं मात्र वाटलं.

तेवढ्यात आवाज पातळ झाला. नुसता पत्र्याचा उरला. फणसाची पेटी मुकी झाली होती.

"काय केलात?" ती उठलीच.

दत्तारामाने पेटी थोपटली, कुशीवर केली, कान लावला. काही नाही. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो उन्हाचा नव्हता हे तिने टिपलं.

"उघडूया?" आनंदीबाईने उंबऱ्यावरून विचारलं. तिला आवाज कळला नसला तरी माणसांचे चेहरे कळत होते.

"नको," दत्ताराम पटकन म्हणाला. मग आवाज उतरवून कावेरीला म्हणाला, "वयनीनू, ऱ्हवांदे. माझी एकटी सात दिस ओढीत. सेल बदलताना धरूक मी दुसरी मांडणी करतंय. तुमची पेटी शेजारी ठेवया, हार घालूया. चलता काय बंद आसा, कोणाक कळाचा नाय."

हेच ते, कावेरीच्या मनात आलं. सूर याचा आणि हरिश्चंद्राच्या पेटीला नुसता हार. पुढच्या वर्षी हारही नको. सकाळपासून ज्याची वाट बघत होती ते समोर आलं, तेव्हा तिला राग येण्याऐवजी एक थंड शांतपणा आला. ती आत गेली. चुलीत सुरीचं पातं धरलं. पातं तापेपर्यंत तिथेच उभी राहिली, मग बाहेर येऊन पेटीपुढे बसली.

दत्तारामाने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"वयनीनू, तो तेंचो अंगठो आसा."

"माका म्हायत आसा."

रोज सकाळी पेटी पुसताना ती त्या ठशावर आपलं बोट टेकवायची. त्यातल्या रेषा तिला पाठ होत्या. सुरीचं पातं लागताच त्या रेषा एकमेकींत मिसळल्या, लाख ओघळली, आणि तापल्या लाखेचा वास पडवीत भरला. कावेरीने स्क्रू काढला, बाकीचे तीन काढले आणि झाकण उचललं. पीठ तिच्या मांडीवर सांडलं.

आत वायरींची जुडी होती. मेण लावलेल्या दोऱ्याने बांधलेली, बोटभर अंतरावर एक गाठ, पुन्हा बोटभर अंतरावर एक. सगळ्या गाठी एका रेषेत, एका दिशेने वळलेल्या. तिने मान वळवून शेजारच्या उघड्या पत्र्याच्या पेटीत पाहिलं. तिथेही मेणाचा दोरा होता, बोटभर अंतरावर गाठी होत्या, त्याच दिशेने वळलेल्या. त्या सकाळपासून तिच्या डोळ्यांसमोरच होत्या.

हरिश्चंद्राला गाठ मारता येत नसे. त्याने बांधलेली वाळवणाची दोरी आठवड्यातून एकदा तरी कपड्यांसकट खाली यायची, आणि ती त्याला हसायची, आणि तो म्हणायचा, माझे हात लाकडासाठी आहेत.

जुडीच्या टोकाला एक वायर सुटून लोंबत होती. तिच्या टोकाला बोराएवढा लाल गोळा होता. लाखेचा. गेल्या वर्षी सूर तुटल्यावर कोणीतरी, ज्याला कथिल वितळवून डाग देता येत नव्हता, त्याने ती वायर लाखेने चिकटवली होती, वरून झाकण लावलं होतं आणि झाकणावर अंगठा उठवला होता.

 आनंदीबाईचा अडकित्ता थांबला होता.

"ही तुमी केलात," कावेरी म्हणाली.

"तारेचा काम माझा," दत्ताराम म्हणाला. "पेटी तेंची. तुमी माझी आयकलात मगाशी, पत्र्यातली. आत दोनय सारकीच. गोडी लाकडातली. ती माका येणा नाय."

"मगे सांगलात नाय कित्या? गावभर ह्येंनी मी केलंय म्हणान सांगल्यानी."

"तेंका बरा वाटी." तो आपल्या बोटांकडे बघत होता. "आणि मगे सांगूक तोंड ऱ्हवला नाय. ती वायर बगा. जोड माझो कच्चो ऱ्हवलो होतो. सूर तुटलो ता माका कुडाळाक आठ दिसांनी कळला. कळला तेवाच समाजलंय खंय तुटलो असात तो. येवन सांगूक होया होता, चूक माझी म्हणान. आज जातंय, उद्या जातंय, करीत ऱ्हवलंय. ते पण पेटी घेवन इले नाय. इले असते तर लोकांका कळता पेटी कोणी केली ती. मगे ते गेल्याची खबर इली."

म्हणजे तो काहीतरी लपवायला आला आहे हा तिचा संशय अगदीच खोटा नव्हता. तो आपला कच्चा जोड लपवायला आला होता, आणि जमल्यास गुपचूप पक्का करायला. आणि तिचा नवरा वर्षानुवर्षं... नाही, दोनच सप्ते, पण तेवढ्या काळात त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. कावेरीला नवऱ्याचा राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायला जागा नसते, म्हणून तिने मांडीवरचं पीठ जोरजोराने झटकलं.

"डाग देवक किती वेळ लागता?"

"चूळ भरूक लागता तितको."

"मगे देवा." ती उठली. दारात थांबली. सकाळपासून तिने त्याला कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती, पाण्याचा तांब्याही सासूच्या हातून दिला होता. "चाय ठेवतंय, भावजीनू," ती म्हणाली आणि आत गेली.

संध्याकाळच्या आत दोन्ही पेट्या एकसुरात लागल्या. झाकण लावताना दत्तारामाने लाखेची कांडी तिच्यापुढे धरली. "तुमचो अंगठो लावा."

तिने कांडी घेतली, जराशी फिरवून पाहिली आणि परत त्याच्या पिशवीत ठेवली. चार स्क्रू नुसते पिळून पेटी देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सप्त्यासाठी सभामंडप भरला. गंगाराम गावकर गाऱ्हाण्याला उभे राहिले. गाऱ्हाणं म्हणजे देवाला सगळं उघड सांगायचं. कोण जमलंय, काय मांडलंय, ते कोणाच्या हातचं आहे. त्यात खोटं मिसळलं तर सात दिवसांचं भजन वाया, असं लहान पोरालाही ठाऊक. कावेरी बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती. दत्ताराम मशीनपाशी उकिडवा बसला होता.

गावकरांनी हात जोडले, मग काहीतरी आठवून मागे वळले.

"कावेरी, गेल्या दोन वर्सां तुझ्या घोवाचा नाव घेतलंय. औंदा काय सांगू देवाक? पेटी कोणाची?"

सगळी डोकी वळली. नुसतं "ह्येंची" म्हटलं की नवऱ्याचं नाव देवापुढे राहणार होतं, आणि तुटलेला सूरही त्याच नावावर राहणार होता. काल संध्याकाळपासून तिने ते उलटसुलट करून पाहिलं होतं.

"लाकूड ह्येंचा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून स्वच्छ निघाला. "तारेचा काम दत्ताराम भावजींचा. पयल्यापासून."

मंडपात कुजबुज झाली. गावकरांनी ती हाताने थांबवली. जुना माणूस होता, एवढ्यावर सोडणारा नव्हता. त्यांनी दत्तारामाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, आणि पुन्हा कावेरीकडे पाहिलं.

"मगे गेल्या वर्सा सूर तुटलो, तो खंय तुटलो? लाकडात काय तारेत?"

 हा प्रश्न कावेरीने धरला नव्हता. नवऱ्याचं खोटं उघडं करणं तिच्या हातचं होतं. परक्या माणसाला सगळ्या गावापुढे उभं करणं तिच्याने होईना. तिने नजर खाली घातली आणि खांबावरचा चुना नखाने खरवडायला लागली.

मशीनपाशी हालचाल झाली. दत्ताराम उठून उभा राहिला. पलटणीतल्यासारखे दोन्ही हात अंगालगत होते.

"तारेत," तो म्हणाला.

 गावकरांनी देवाकडे तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ही पेटी हरिश्चंद्राच्या लाकडाची आणि दत्तारामाच्या तारेची. लाकूड खरा निघाला. तार तुटली, ती तेणां तुझ्यासमोर कबूल केल्यान आणि जोडल्यान. जा चुकला ता पोटात घाल, आणि हो सूर सात दिस धरून ऱ्हव."

"व्हय म्हाराजा!" सगळा मंडप एका आवाजात म्हणाला.

कावेरीचं "व्हय म्हाराजा" मागाहून आलं तेव्हा बाकीचे थांबले होते, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. दत्तारामाने खाली वाकून बटण दाबलं.